एक टनाची निसान

लष्करी ट्रकच्या मागे उभं राहून खाली वाकलं, की अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचं गोल हाउसिंग दिसतं. ते पांढरं रंगवलेलं असतं. बाकी सगळी गाडी हिरवी, रानात लपण्यासाठी केलेली, आणि तेवढा एक गोळा पांढराशुभ्र. त्याच्यावर उजेड पाडणारा बारका दिवा चॅसीखाली लावलेला असतो. ब्लॅकआउटमध्ये ताफा निघाला, की बाकीचे दिवे मालवायचे आणि मागच्या ड्रायव्हरनं पुढच्या गाडीचा तेवढा गोळा नजरेत धरून चालायचं. वरून काही दिसत नाही, मागच्याला मात्र अंतर बरोबर कळतं. इतकी साधी आणि इतकी विचारी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही. मला या गाड्यांचं वेड लागलं ते इथून.

माझ्याकडची गाडी म्हणजे लष्करानं निकालात काढलेली निसान एक टन. वंशावळ मोठी फिरून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपच्या धर्तीवर जपानच्या निसाननं 1951मध्ये ‘पॅट्रोल’ नावाची गाडी काढली. पुढं निसानच्या परवान्यावर जबलपूरला लष्करासाठी दोन गाड्या बनू लागल्या: लहान ती जोंगा, मोठी ती ही एक टनवाली. दोघींचं इंजिन एकच, सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रकही जबलपूरचाच. तिथली व्हेईकल फॅक्टरी 1969मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी आमच्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. मला हा नुसता योगायोग वाटत नाही. परदेशातून आराखडा आणायचा आणि मग तो आपल्या हातांनी चालता ठेवायचा, या एकाच धाडसाची ही दोन लेकरं आहेत.

तारापूरशेजारच्या बोईसरमध्ये आम्ही त्या केंद्राच्या गोष्टी ऐकतच वाढलो. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. 1974च्या पोखरण चाचणीनंतर इंधन आणि सुटे भाग मिळणं अवघड झालं. पण भाग येत नाही म्हणून यंत्र बंद, असं इथं झालं नाही. पुढं 210 मेगावॅटच्या भट्ट्या 160 मेगावॅटवर उतरवल्या. 2005-06मध्ये सुरक्षेच्या यंत्रणा नव्या केल्या. म्हणजे यंत्राकडून मागायचं कमी केलं आणि त्याची काळजी वाढवली. जुनी गाडी दुरुस्त करताना मी दुसरं काही करत नाही.

या गाड्या लिलावात निघतात. पाटी एकच: जसे आहे, जेथे आहे. पुढं त्या बहुधा दोनचार हात फिरतात आणि मग कुणा शौकिनाकडे येतात. बाण असलेला लष्करी नंबर जातो, आमच्याकडे एमएच-48चं पासिंग येतं. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा रंगही ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो संरक्षण खात्यापुरता राखलेला आहे, आणि तसा तो असावाच. मी माझ्या गाडीला चिंचणीच्या ओल्या वाळूचा करडा रंग दिला. तो पांढरा गोळा तेवढा ठेवला.

आमच्या किनाऱ्यावर लोखंडाचा पहिला वैरी खारा वारा. जबलपूरच्या कोरड्या हवेत सुखानं राहिलेली गाडी तारापूरला आली, की एका पावसाळ्यात तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरांत, दारांच्या तळाशी, चॅसीच्या सांध्यांत गंज बोलायला लागतो. म्हणून काम खालून सुरू करायचं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवायची, चाकं काढायची आणि रोज थोडं थोडं डिझेल सोडून नट मुरवत ठेवायचे. घाई करणाऱ्याच्या हातात बोल्टाचं डोकं येतं आणि आटे आत राहतात. रुतलेल्या नटावर गॅसची ज्योत धरली, की लोखंड आधी काळसर निळं होतं, मग मंद लाल. ज्योत बाजूला घेऊन हातोडीनं चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, पान्हा लावायचा आणि जोर न करता नुसता भार टाकायचा. नट सुटतो तेव्हा एक बारीक करकर ऐकू येते. त्या आवाजासाठी मी कितीही वेळ बसेन.

औद्योगिक वसाहत जवळ असण्याचं सुख इथं कळतं. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, रबर, सगळं हाकेच्या अंतरावर. मी ब्रेकचे ड्रम घेऊन गेलो तेव्हा लेथवाल्या मेस्त्रींनी एक ड्रम हातात फिरवला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काका, कड आलीय याला. एकच हात मारतो, जास्त कापत नाही. असलं लोखंड परत मिळायचं नाही.” त्यांनी बुश ओतवून, तासून दिले, ते मूळच्या मापात केसाइतकाही फरक न ठेवता. या माणसांमुळे अशा गाड्या जगतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात टाळ्या घेतो तो मालक. खरा मान लेथवरच्या माणसाचा.

आता प्रश्न येतो सुधारणेचा. शौकिनांत यावरून दोन तट आहेत. काहींना एक स्क्रूही बदललेला खपत नाही. काही जण नवं डिझेल इंजिन, रुंद टायर, छतभर दिवे असं करत करत गाडीचा जीवच काढून घेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडकाठी घालतं, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. जुलै 2021मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या विंटेज वाहनांसाठी नियम आले, त्यांतही चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको अशी अट आहे. तो नियम मोटारींचा आणि दुचाकींचा. पण अट ट्रकवाल्यानंही मनावर घ्यावी.

जिथं जिवाशी गाठ आहे, तिथं मात्र मी जुन्याचा हट्ट धरत नाही. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक बहुधा एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच वाटेवर असत. एक नळी फुटली की पाय तळाला. मी दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला, तोही जुन्याच भोकांवर, चॅसीला नवं भोक न पाडता. सीटबेल्ट लावले. पेट्रोलचं गणित वेगळंच. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला मिळणारं संरक्षण गेलं, म्हणून हेड उतरवून कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतल्या. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या रबराला ते फुगवतं, चिरा पाडतं. म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. चांगली सुधारणा अशीच असावी.

इंजिन मात्र तेच ठेवलं. ते पेट्रोल पितं, भरपूर पितं, आणि मला त्याची तक्रार नाही. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीत चढ लागतो. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये सहाही सिलिंडर एका लयीत लागतात, स्टिअरिंग दोन्ही हातांना जड लागतं, काचेच्या फटीतून पहिल्या पावसाचा वास येतो, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना मी हात दाखवून पुढं जाऊ देतो. माझी गाडी ताशी पन्नासच्या वर जात नाही, कारण मी तिला जाऊ देत नाही.

पालघर, डहाणू, वाडा इथल्या पाड्यांमधून, भातगिरण्यांच्या मागे, वीटभट्ट्यांच्या कडेला अजून अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतील. कुणाच्या अंगणात एखादी असेल, तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी जवळच्या एखाद्या लेथवाल्याला दाखवा. आणि जो भाग बदलाल तो फेकू नका. तेल लावून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवा. पुढच्या मालकाला तो लागेल.