ताकातला पाव



मागे इथं कुणीतरी बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीची आठवण लिहिली होती. वाचून बरं वाटलं. त्यावरून आमच्या घरातल्या एका पावाची गोष्ट लिहावीशी वाटली. गोष्ट चांगली आहे, त्यात माझी बाजू तेवढी चांगली नाही. तरी लिहितो.

आम्ही हिंडलग्याचे. बाहेरच्या माणसाला हिंडलगा म्हटलं की जेल आठवतो. आम्हाला गणपतीचं देऊळ आठवतं, वेंगुर्ला रोड आठवतो, आणि १ जून १९८६ च्या हुतात्म्यांचं स्मारक. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, बँकेत ऑफिसर. भाषेसाठी आपल्या डोळ्यांदेखत माणसं गेली, ते डोक्यात बसतं. दोन्ही पोरांना मराठी शाळेत घातलं, घरात मराठीच बोलायचं हा नियम. हे सांगतोय कारण पुढं जे झालं त्याला हे एक कारण होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

आता पावाबद्दल. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पाव येत नसे. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोव्याकडची गोष्ट ती पुन्हापुन्हा सांगायची. आजारी माणसाला चहापाव दिला तरी पडवीत, वेगळ्या बशीत. आजी गेली आणि वडिलांच्या काळातच पाव मधल्या खोलीत आला. माझ्या काळात तर रविवारी सकाळी स्कूटरवरून कॅम्पात जायचं, गरम पाव आणि खारी आणायची, हा कुळाचारच झाला. आमच्या सौ.ने हप्त्यावर गोल ओव्हन घेतला होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा डोळा असलेला. तुमच्यापैकी निम्म्या घरांत तो माळ्यावर पडलेला असणार. त्यात ती दिवाळीला नानकटाई करायची आणि पोरांच्या वाढदिवसाला केक.

धाकटा २००४ ला आयर्लंडला गेला, कॉर्क नावाच्या शहरात, कॉम्प्युटरच्या नोकरीवर. २००९ ला फोन आला की तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. मी फार बोललो नाही. मोठ्यानं बोलायचा माझा स्वभाव नाही. एवढंच म्हणालो, "तुझा निर्णय झालाय ना, मग आम्ही येऊन काय करणार?" सौ.चा पासपोर्ट तयार होता. पोरगा तिकिटं काढायला तयार होता. मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. एकटं पाठवायलाही नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. लग्नाचे फोटो आले ते तिनं कपाटात साड्यांखाली ठेवले.

२०११ ला दोघं इकडं आली. सूनबाई उंच, केस तांबूस, वागायला अगदी साधी. नमस्कार करायला शिकून आली होती. मी आशीर्वाद दिला आणि पेपर उघडला. तिसऱ्या दिवशी तिनं सौ.ला विचारलं, घरात ताक आहे का? ताक होतंच, लोणी काढल्यावरचं. मग दोघींनी तो गोल ओव्हन खाली काढला, पुसला, आणि तासाभरात घरभर भाजक्या गव्हाचा वास सुटला. आतून तपकिरी रंगाचा, वर फुली कापलेला एक गोल, खडबडीत पाव निघाला. तिनं पहिला तुकडा लोणी लावून माझ्यासमोर धरला.

मी म्हणालो, "मला पाव पचत नाही."

दर रविवारी कॅम्पातून सहा पाव आणणारा माणूस हे म्हणाला. पोरगा माझ्याकडं बघत राहिला. सूनबाईंना मराठी येत नव्हतं पण कळायचं ते कळलं. उरलेला पाव तिनं पंचात गुंडाळून डब्यात ठेवला.

आता पुढचं वाक्य आज पहिल्यांदाच लिहितोय. त्या रात्री साडेबाराला उठून, दिवा न लावता, मी त्या पावाचा एक तुकडा काढला आणि शेंगाचटणीबरोबर ओट्याजवळ उभ्यानं खाल्ला. चव अजून लक्षात आहे. बाहेरून कडक, आतून ओलसर, जरा आंबूस, आणि चावताना कोंडा जिभेला लागतो. आपल्या जाड कणकेच्या रोटीची चुलत बहीणच. सकाळी मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

२०१३ ला नात झाली. ह्या वेळी सौ.नं मला विचारलं नाही, सांगितलं. तीन महिने कॉर्कला राहून आली. येताना एक वही आणली, त्यात विहीणबाईंकडून उतरवून घेतलेल्या पाककृती. पहिलं पान ह्या पावाचं. पण आल्यावर तिनं तो कधी केला नाही. मी खाणार नाही, मग कुणासाठी करायचा?

२०२१ ला तिला झटका आला. बोलणं सुधारलं, चालणंही काठीनं जमतं, पण उजवा हात गेला तो गेला. स्वयंपाकाला बाई आहेत. तरी जन्मभर राबलेली बाई खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे हात बघते, ते मला बघवत नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात एक दिवस कपाट आवरताना ती वही सापडली. मी म्हटलं, "तू सांग, मी करतो." ती हसली. मला चहासुद्धा तिनं रिटायर झाल्यावर शिकवलाय.

वहीत लिहिलं होतं: जाड पीठ २ वाट्या, मैदा २ वाट्या, मीठ १ चमचा, सोडा १ चमचा, ताक लागेल तसं. मी कॉमर्सचा माणूस, चमचा म्हणजे चमचा. पोह्यांचा घेतला, वर शीग काढून. पाव फुगला झकास, पण आतून पिवळट हिरवा, आणि तोंडात घातला तर साबणाची वडी. कुत्र्यानंही हुंगून सोडला. सौ. म्हणाली, "अहो, सोड्याचा चमचा औषधाच्या चमच्याएवढा. आणि सपाट."

दुसऱ्या वेळी सोडा बरोबर, पण पोळ्यांची कणीक बारीक चाळून घेतली आणि चांगली वीस मिनिटं मळली. निघाला तो पाटा. ती खुर्चीवरून ओरडत होती, "मळू नका, मळू नका," मला वाटलं हात भरल्यामुळं म्हणते.

मग पोराला विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा उलगडा झाला. सोड्यात ताकाची आंबट पडली की लगेच वायू सुटतो. त्याच बुडबुड्यांनी पाव हलका होतो. यीस्टचं तसं नाही, त्याला तासन्‌तास वेळ द्यायचा. इथं वेळ दिला की बुडबुडे निघून जातात. म्हणून ओव्हन आधी तापवून ठेवायचा, ताक ओतलं की हातानं चारदोन वेळा फिरवून गोळा जमवायचा, फुली कापायची आणि लगेच आत. मळलं की पीठ चिवट होतं, आणि इथं चिवटपणा नकोच. आयर्लंडच्या ओल्या हवेतला गहू मऊ, त्याला चिवटपणा कमी, यीस्टच्या पावाला तो साथ देत नाही. १९ व्या शतकात सोडा स्वस्त मिळू लागला, ताक घरोघरी होतंच, आणि गरिबाघरी हा पाव सुरू झाला. कॉर्क तर लोण्याच्या व्यापाराचं मोठं गाव. लोणी बाहेर जायचं, ताक घरात राहायचं. त्यांच्याकडं पूर्वी ओव्हन नव्हते. बिडाचं, झाकणाचं, तीन पायांचं भांडं असायचं. ते विस्तवावर ठेवून झाकणावरही निखारे घालायचे. विस्तव कसला, तर दलदलीतली वाळवलेली माती, ती तिथं सरपणासारखी जळते. वर-खाली निखारे हे ऐकल्यावर सौ. म्हणाली, "मग आमची आई वेगळं काय करायची?"

मऊ गहू म्हटल्यावर मला खपली आठवली. आपल्या भागातली खपली, हुग्गीला वापरतो ती. तिला चिवटपणा कमीच. दोन किलो निवडून गिरणीत नेली आणि म्हटलं, रव्याहून थोडं बारीक, कोंड्यासकट.

गिरणवाला पोरगा म्हणाला, "काका, एवढं जाड दळून काय करूलालाय?"

"पाव करूलालोय."

त्यानं मशीन बंद करून माझ्याकडं बघितलं. नंतर त्याला अर्धा पाव नेऊन दिला तेव्हा त्याचा विश्वास बसला.

तिसऱ्या पावाच्या वेळी नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या शेजारी विहीणबाई बसलेल्या. बँकेत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिली, पण त्यांचं इंग्रजी मला दोन आणे कळतं. नात मधे दुभाषी. पाव बाहेर काढला, तशी विहीणबाई काहीतरी म्हणाल्या. नात म्हणाली, "आजोबा, उलटा कर आणि नॉक कर. दारावर करतो तसं." मी फडक्यात धरून उलटा केला आणि टकटक केलं. "फोनजवळ." फोनजवळ केलं. विहीणबाईंनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. आत दहा मिनिटं अजून. दहा मिनिटांनी पुन्हा टकटक. आता आवाज पोकळ आला, रिकाम्या डब्यासारखा. तिकडून टाळ्या.

फोन बंद करून सौ.ला तुकडा दिला. मी एक खाल्ला आणि म्हटलं, "अजून तो आंबूसपणा आला नाही. ताक दोन दिवसांचं पाहिजे."

ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत तो कसा लागतो? तुम्ही तर खाल्लाच नव्हता."

तेव्हा मग सांगावं लागलं, रात्री साडेबाराचं. ती बराच वेळ हसली. हसता हसता डावा हात तोंडावर धरून गप्प झाली. मग म्हणाली, "लग्नात विहीणबाईंनी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. आपल्या नावाच्या. कुणाला बसू दिलं नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. हा पाव शिकवताना."

"म्हणजे २०१३ ला. मला का सांगितलं नाहीस?"

"तिकडं काय काय झालं म्हणून तुम्ही विचारलंत कुठं?"

बरोबर होतं. ती तीन महिने राहून आली आणि मी विमानात जेवण कसलं मिळालं एवढंच विचारलं होतं. त्या दोन खुर्च्या तिनं किती वर्षं एकटीनं मनात ठेवल्या. मी माझ्या भाषेचं, संस्काराचं, गावाचं कारण पुढं करत होतो. आणि नात आज मला 'आजोबा' म्हणते ते तिच्या आईनं शिकवलंय, मी नाही. गुडघेदुखी तर तेव्हा नव्हतीच, ती आत्ता सुरू झालीय.

त्यानंतर दर रविवारी पाव होतो. ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी माझं आजचं माप देतो. खपलीचं किंवा साध्या गव्हाचं जाडसर पीठ २२५ ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, सोडा आणि मीठ प्रत्येकी एक छोटा सपाट चमचा, दोन दिवसांचं आंबट ताक ३५० ते ४०० मिली. ताक पाणीदार नको, आणि एकदम सगळं ओतू नका. सोडा गाळून घ्या, नाहीतर गुठळी तोंडात येते. पिठाचा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच सैल असतो, घाबरू नका. फुली खोल कापा, म्हणजे मध्यापर्यंत आच पोचते. तिकडं म्हणतात फुलीतून पऱ्या बाहेर पडतात. ओटीजी असेल तर २२० वर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. आमच्या गोल ओव्हनला काटा नाही, त्याला आम्ही नाकानं चालवतो. लाइट गेली तर त्या दिवशी पाव नाही, थालीपीठ. काढल्यावर सुती पंचात गुंडाळून ठेवा, कवच मऊ राहतं. आणि गरम कापू नका, कितीही मोह झाला तरी. शेंगाचटणीबरोबर खाऊन बघाच. तिकडं लोणी आणि जॅम लावतात, तेही वाईट नाही.

सौ.च्या मते अजून मीठ कमी पडतं. दर रविवारी तेच. मी वाढवतो, ती तेच म्हणते.

डिसेंबरात पोरगा, सूनबाई, नात येणार आहेत. सूनबाईंनी विचारलं, इकडून काय आणू? मी म्हटलं, काही नको, तुमच्या आईंना आणा. तिकीट मी काढतो. त्या हो म्हणाल्यात. खपली आत्ताच पाच किलो घेऊन ठेवलीय, आणि ओव्हनच्या झाकणाची कॉइल बदलायला उद्या गावात जायचं आहे.