जिवंत दगड, कोरडा दगड

आमचे घर डिचोलीला, आजोळ पेडण्यातल्या केरीला. गेल्या मे महिन्यात मी काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळण्याचा बूट काढला. अशा टाकीत दगड लागतो. त्याच्या छिद्रांतले जिवाणू माशांच्या मलातून होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. जिवंत दगडात ते आयतेच मिळतात. कोरड्यात त्यांची वस्ती होईपर्यंत महिना-दीड महिना मासा सोडायचा नाही. एवढा धीर कुणाला? आम्ही वाणिज्यवाले, रोकडीचे भक्त!

ओहोटीला मामांच्या खडपावरून शेवाळ-शिंपल्यांचा एक धोंडा उचलला आणि गोणपाटात गुंडाळून बसने आणला. उन्हात त्यावरचे जीव वाटेतच मेले असावेत. तिसऱ्या दिवशी टाकीला घाण सुटली व धाकट्या बहिणीने नाव ठेवलेला मासा उलटा तरंगू लागला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे वाचले की, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, २००१ साली प्रवाळही बसवले गेले. माझ्या धोंड्यावर प्रवाळ होते का, हे मी पाहिलेसुद्धा नव्हते.

बाबांनी चिरा सुचवला. सच्छिद्र खरा, पण त्यातले लोह शेवाळाला पोसायचे. शेवटी चुनखडीचा कोरडा दगड ठेवला. मी बेळगावला परतलो. बहीण रोज टाकीत चिमूटभर खाद्य टाकते, तेच कुजून जिवाणूंना पोसते. खोलीतला कन्नड मित्र विचारतो, "मीनु बंतेनो?" काल तिचा फोन आला, "दादा, नळी अजून हिरवीच आहे. पिवळी झाल्याशिवाय मी मासा आणू देणार नाही."