कोठून मोजावें?

शाळेच्या संगणकवर्गासाठीं आम्हीं जावास्क्रिप्टमध्यें एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. विद्यार्थ्यांचे गुण एका फाइलींतून वाचून तो निकालपत्रक तयार करी. ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवर, जावास्क्रिप्ट चालविणारी नोड जेएस ही व्यवस्था २००९ सालीं निघाली. तिच्यावरच आमचा हा प्रपंच उभा होता. आमच्या हातीं तो बिनचूक चाले. पालकसभेच्या दिवशीं मात्र एका विद्यार्थ्यानें तो सुरू केला, तों पडद्यावर उत्तर आलें, ‘अशी फाइल नाहीं.’ सर्वांदेखत आमची फजिती झाली. रागाच्या भरांत आम्ही म्हणालों, “तूंच फाइल पुसलीस!” मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. त्याचे वडील मागल्या बाकावर बसले होते.

रात्रीं शोध केला, तों फाइल जागच्या जागीं होती. चूक आमचीच होती.

यात्रेकरूनें शिर्डीची वाट विचारली, तर राहात्यांत आपण सांगतों, ‘मनमाड रस्त्यानें उत्तरेस जा.’ हेंच वाक्य कोपरगांवीं सांगितलें, तर बिचारा येवल्यास पोहोंचेल! वाक्य तेंच, उभें राहण्याची जागा निराळी. सापेक्ष मार्ग असाच असतो. आम्हीं लिहिलें होतें ‘./गुण.जेसन’, म्हणजे येथल्या फोल्डरांतील गुणांची फाइल. पण हें ‘येथें’ कोणाचें? फाइल वाचतांना नोड तें प्रोग्रामच्या जागेपासून मोजीत नाहीं. आज्ञा देणारा ज्या फोल्डरांत उभा असेल, तेथून मोजतो. त्या मुलानें आज्ञा दुसऱ्याच फोल्डरांतून दिली होती. उलट ‘रिक्वायर’ म्हणून दुसरा कोड बोलाविला, तर तोच ठिपका लिहिणाऱ्या फाइलीपासून मोजला जातो. येथेंच आम्ही फसलों.

मग ‘/’ पासून पूर्ण, निरपेक्ष मार्ग लिहावा काय? पण आमच्या यंत्रावरील घर दुसऱ्याच्या यंत्रावर कोठून असणार? उपाय असा, कीं ‘__डिरनेम’ हा शब्द प्रोग्रामची फाइल जेथें आहे त्या फोल्डराचा पूर्ण मार्ग देतो. नव्या मोड्यूलपद्धतींत तेंच काम ‘इम्पोर्ट.मेटा.डिरनेम’ करितो. ‘पाथ.जॉइन’नें त्यास फाइलीचें नांव जोडलें, कीं आज्ञा कोठूनही द्यावी.

दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली व ती ओळ त्याच्याच हातून दुरुस्त करविली. सायंकाळीं त्याच्या घरीं जाऊन वडिलांसही सर्व हकीकत सांगितली. प्रोग्राम आतां नीट चालतो. विद्यार्थीमित्रहो, मार्ग लिहितांना तो कोठून मोजला जाईल हें आधीं पाहावें. आणि दुसऱ्याचा दोष मोजतांना तर अवश्य पाहावें.