समासातली अक्षरं

माझ्या बायबलच्या समासात बरीच वर्षं पेन्सिलीने अक्षरं लिहिलेली होती. एका वचनाशेजारी 'र', दुसऱ्याशेजारी 'भा', कुठे 'सो'. कोणी विचारलं असतं तर संदेशाच्या तयारीच्या खुणा आहेत, असं मी सांगितलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. ती आमच्या मंडळीतल्या माणसांच्या नावांची आद्याक्षरं होती. वाचता वाचता एखादं वचन कोणाला लागू पडतं हे ध्यानात आलं की मी त्याचं अक्षर तिथे मांडून ठेवायचो. रागाशेजारी एकाचं, चुगलीशेजारी दुसऱ्याचं, पैशाच्या लोभाशेजारी दोघातिघांचं.

मी पाळक नाही. हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, निवृत्त झालो, धुळ्यात, देवपुरात वाडीभोकर रोडच्या आतल्या बाजूला राहतो. पाळकसाहेब साक्री-शिरपूरकडच्या खेड्यांवर गेले की रविवारचा संदेश माझ्याकडे येतो. बुधवारची घरगुती प्रार्थनासभाही बहुतेक मीच चालवतो. आयुष्यभर वह्या तपासल्यामुळे दुसऱ्याची चूक दिसण्यात माझी नजर तयार झालेली. तीच नजर घेऊन मी पहाटे शास्त्र उघडायचो. नेमाने उघडायचो, एक दिवस चुकवायचो नाही, आणि त्यामुळे वचनासाठी माझं मन उघडं आहे याविषयी मला शंकाच नव्हती. "सर, तुम्हाला शास्त्र तोंडपाठ आहे," असं लोक म्हणायचे. तोंडपाठ होतं हे खरं.

एका बुधवारी पेरणाऱ्याचा दाखला घेतला होता. वाटेवरचं बी, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन, असे चार प्रकार मी सवयीने समजावून सांगितले. चार प्रकारच्या जमिनी म्हणजे चार प्रकारची माणसं, आणि आपण चौथ्या प्रकारचं व्हायचं. सभेला शिरपूरकडचे एक शेतकरी पाहुणे आले होते. कापूस आणि बाजरी करणारे, फारसं न शिकलेले. संपल्यावर ते म्हणाले, "सर, ती वाट बी वावरनीच से ना. चाली चालीसन कडक व्हयनी ती."

म्हणजे वाटेची जमीन वेगळी नसते. त्याच वावरातली तीच काळी माती. रोजच्या येण्याजाण्याने दबते, घट्ट होते आणि मग बी वरच पडून राहतं. इतकी वर्षं मी हा दाखला सांगत होतो, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. शास्त्रातून रोज येणारा-जाणारा त्या खोलीत माझ्याइतका दुसरा कोणी नव्हता, म्हणून ते वाक्य सर्वांत आधी मला लागायला हवं होतं. मी काय केलं? घरी येऊन ते वहीत उतरवलं आणि पुढच्या संदेशात वापरलं. 'काही जुने विश्वासणारे असे कडक झालेले असतात' असं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर तीन माणसं होती, आणि त्यांत मी नव्हतो. लोकांना संदेश आवडला. ही चूक मला बाकीच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी वाटते, कारण इथे वचन माझ्या दारापर्यंत आलं होतं आणि मी त्याला शेजारचा पत्ता दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी पत्नीच्या बायबलची शिवण सुटली. तिने ते बांधायला दिलं आणि बायकांच्या प्रार्थनासभेला जाताना माझं घेऊन गेली. त्या दिवशी नीतिसूत्रांचं वाचन होतं. आल्यावर तिने बायबल टेबलावर ठेवलं, एकविसावा अध्याय उघडला आणि भांडखोर बायकोविषयीच्या वचनाशेजारी बोट ठेवलं. तिथे तिच्या नावाचं अक्षर होतं.

मी काहीतरी बोलू लागलो. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अहो, माझं असू द्या. सगळ्यांचीच आहेत. मी वाट बघत बसले होते तिथे, पानं उलटून तुमचं शोधत होते. नाही सापडलं."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. शेजारी बसलेल्या एका बाईंनी तेविसाव्या अध्यायातलं दारूविषयीचं वचन त्याच बायबलमधून वाचलं होतं. समासात त्यांच्या नवऱ्याचं अक्षर होतं. अक्षर कोणाचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. वाचता वाचता त्या थांबल्या, मग पूर्ण केलं आणि प्रार्थना न करता उठल्या.

पुढचे कितीतरी बुधवार त्या आल्या नाहीत. मला त्यांच्याकडे जायला उशीर झाला, कारण आधी मी स्वतःला समजावत होतो की वचन खरं आहे आणि माणूस पितोच. शेवटी गेलो. त्यांनी चहा केला. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करत असाल, म्हणून लिहून ठेवलं असेल, असं मी मनाला सांगितलं होतं."

मला 'हो' म्हणता आलं असतं. मी 'नाही' म्हटलं. त्या माणसासाठी मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. त्या समासातल्या कोणासाठीच केली नव्हती.

घरी येऊन मी यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचला. बारूखाने लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीम याच्यापुढे वाचली जाते. हिवाळा असतो, समोर शेगडी पेटलेली असते. तीनचार स्तंभ वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. सगळी गुंडाळी संपेपर्यंत हे चालतं. यावर मी अनेकदा बोललो होतो, देवाच्या वचनाचा नाश होत नाही या मुद्द्यासाठी. आता पहिल्यांदा दिसलं की तो राजा ऐकत होता. त्याने वाचन थांबवलं नाही. प्रत्येक भाग कानावर पडू दिला आणि मगच कापला. मीही वचन पूर्ण वाचत होतो आणि जिथे ते मला भिडण्याची शक्यता होती तिथेच पेन्सिलीने माझ्यापासून वेगळं करत होतो.

याच यहोयाकीमाचा बाप योशीया. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ शाफानाने त्याच्यापुढे वाचला, तेव्हा त्याने अंगावरची वस्त्रं फाडली. 2 राजे, बाविसावा अध्याय. परमेश्वराला विचारायला माणसं पाठवताना त्याने 'माझ्यासाठी' असं आधी म्हटलं, लोकांसाठी आणि यहूदासाठी नंतर. तो राजा होता, चुकणारे लोक त्याच्या राज्यात भरपूर होते. संदेष्ट्री हुल्देने त्याला उत्तर पाठवलं त्यात त्याच्या मृदू झालेल्या हृदयाचा उल्लेख आहे. घर तेच, सिंहासन तेच, आणि एका पिढीत एवढा फरक. शास्त्र ऐकण्याची सवय वारशाने मिळते, मृदू हृदय मिळत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला या काळात फार जवळचं वाटलं. लहानपणी भागवत पुराणाचे हजारो श्लोक पाठ केलेली ही बाई. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, शास्त्राचा अभ्यास केला. आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. एवढ्या विद्वान बाईने हे जगापुढे लिहायला किती धैर्य लागलं असेल! पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. शास्त्राचं ज्ञान असणं म्हणजेच ख्रिस्तापर्यंत पोहोचणं, असं मला वाटत होतं. रमाबाईंना त्या दोन्हींतलं अंतर कळलं होतं.

हातात पेन्सिल असणं हा माझा दोष होता असं मी मानत नाही. आमच्याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. समोर कैदी बसलेले, आणि त्यांत अमळनेरचे साने गुरुजी ती भराभर उतरवून घेत होते. ती लेखणी नसती तर 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती नसती. धर्मग्रंथ वेगळा आहे, हे मला माहीत आहे. पण ऐकणारा कसा असावा हे मी त्या कैद्याकडून शिकायला तयार आहे. गुरुजी जे सांगितलं जात होतं ते लिहीत होते. मी ते कोणाला लागेल हे लिहीत होतो.

आता काय बदललं? थोडं. ज्या आठवड्यात संदेश माझ्याकडे असतो, त्या आठवड्यात पहाटेच्या वाचनाला मी तो उतारा घेत नाही. वाचन पत्नी करते, मी ऐकतो. वाचताना कधी ती थांबते, माझ्याकडे बघते आणि पुढे जाते. तिला काय लक्षात आलं ते मी विचारतो आणि ती सांगते. ते ऐकणं कठीण असतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी देणगी ठेवून आधी भावाकडे जाण्याविषयी आहे, तिथे ती असंच थांबली आणि मला माझ्या चुलतभावाला फोन करावा लागला. फोनवर फार काही बोलणं झालं नाही. पण केला. बुधवारच्या सभेत मी आता आधी बोलत नाही. उतारा दोनदा वाचला जातो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी विचारतो. एका आजींचा प्रश्न ठरलेला असतो, "मंग आते आपुन काय करानं?" पूर्वी मी त्यांना 'समजावून' सांगायचो. आता तो प्रश्न सगळ्यांपुढे तसाच ठेवतो, आणि त्या 'आपुन'मध्ये मी असतो.

जुनी सवय गेलेली नाही. गेल्याच रविवारी एका वचनापाशी कोणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आला. मग निदान त्या माणसासाठी आधी प्रार्थना केली.

संदेश देणाऱ्या, संडे स्कूल शिकवणाऱ्या, घरगुती सभा चालवणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. येत्या रविवारी ज्या उताऱ्यावर बोलणार आहात तो शनिवारी रात्री घरातल्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. यात मी कुठे आहे, असं त्यांना विचारा. आणि ते जे सांगतील त्यावर लगेच उत्तर देऊ नका.