रक्ताचा हिशेब

आपल्या बैठकांत सगळं निघतं. राखीव जागा निघतात, गायरान निघतं, ॲट्रॉसिटीच्या केसा निघतात, कुठल्या गटाचा पुढारी कुणाच्या गाडीत बसला तेही निघतं. आपल्या आयाबहिणींच्या अंगात रक्त किती आहे, हा विषय निघाल्याचं मात्र मला आठवत नाही. मी चाळीस वर्षं बैठकांना जातोय. त्यातली एकतीस वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या लॅबमध्ये लोकांची बोटं टोचण्यात गेली. म्हणून हा विषय मीच काढतो. कुणाला किरकोळ वाटला तर वाटो.

१९८६ ला नोकरीला लागलो तेव्हा साहलीची पद्धत होती. काचेच्या नळीत थोडं ॲसिड घ्यायचं. बोटातलं रक्त बारीक पिपेटनं ओढून त्यात सोडायचं. ते तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. पेढीवरच्या शेटजीचं रक्त आलं की पाणी घालता घालता हात भरून यायचा. आमच्या वस्तीतल्या बाईच्या रक्ताला पाणी लागायचंच नाही. घटकेत रंग जुळून जायचा. आकडा सात. साडेसहा. एखादीचा पाच. आणि ही पाचवाली चार कोस चालत आलेली असायची, डोक्यावर सरपणाची मोळी विकून!

बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पोटुशी असेल तर ११ च्या खाली. पोटुशी बाई सातच्या खाली गेली म्हणजे बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तरी जिवाशी गाठ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, मोबाईल आले, आणि रक्त उतरलं. पाच वर्षांच्या आतली पोरं तर ६८.९ टक्के. देशभरचा हिशेब बघाल तर आदिवासी बाया सगळ्यांत पुढं, त्यांच्या मागं आपल्या.

आता हे का, असं विचारलं की दवाखान्यात एक ठरलेलं उत्तर मिळतं. ते उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नोकरीला नव्हतो. १९८१ साल होतं. माझी थोरली बहीण, अक्का, दुसऱ्या खेपेला बाळंत होत होती. अंगावरून जायचं थांबेना म्हणून बैलगाडीत घालून तालुक्याला नेली. डॉक्टरनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरं फटक. म्हणाला, "हिच्या अंगात रक्तच नाही." मग माझ्या मायकडं वळून म्हणाला, "तुम्हा लोकांना पोटुशीला काय खाऊ घालावं एवढंही कळत नाही."

अक्का रात्रीतून गेली. माय दवाखान्यात एक शब्द बोलली नाही. आठवड्यानं चुलीपुढं बसल्या बसल्या बोलली. "मला कळत न्हवतं व्हय रं? मला कळत व्हतं. घरात न्हवतं."

हा लेख मी मायच्या या दोन वाक्यांसाठी लिहितोय. कारण डॉक्टरचं ते वाक्य अजून जिवंत आहे. आता ते पोस्टरवर असतं, मार्गदर्शन शिबिरात असतं. अज्ञान, अंधश्रद्धा, सकस आहाराबाबत जागृतीचा अभाव. माईक हातात आला की कुणीही उठतो आणि आमच्या बायांना पालक खायला सांगतो.

मायला काय कळत होतं ते सांगतो. पोटुशीला कलेजी द्यायची, हे तिला कळत होतं. बकरं कापलं की रक्त वाया घालवायचं नाही, ते गोठवून, कांदा-मिरची घालून रक्ती करायची आणि आधी बाळंतिणीला वाढायची, हे कळत होतं. वजडी, मुंडी, पाय, हाडांचा रस्सा. पैसे असतील तेव्हा सुकट, बोंबील. हुलग्याचं माडगं. कारळाची चटणी. पावसाळ्यात रानातली पाथरी, कुर्डू, घोळ, तांदुळजा. परसात शेवगा असला तर त्याचा पाला. आमच्या या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिलं, ते २०१५ ला आलं. तोवर छापील पाककृतींत आमची चूल कुठं दिसायची नाही.

नोकरीत पुस्तकं वाचल्यावर मला समजलं, की मायच्या यादीत फारसं काही चुकीचं नव्हतं. रक्तात, कलेजीत, मांसात जे लोह असतं ते शरीर चटकन घेतं. भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह त्या मानानं फार थोडं अंगी लागतं, कारण धान्यातली फायटेटं त्याला धरून ठेवतात. वर जेवणासोबत चहा प्यायला तर आणखी घटतं. लिंबू पिळलं, आवळा-पेरू खाल्ला तर वाढतं. बी-१२ तर पालेभाजीत नसतंच. ते दुधात, अंड्यात, मासळीत, मांसात. आणि कलेजीत भरपूर. रोग्याला कलेजी खायला घालून एका जीवघेण्या रक्तक्षयावर उपाय सापडला, त्याबद्दल १९३४ ला अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांना नोबेल मिळालं. आमच्या मायला त्याच कलेजीपायी नाकं मुरडलेली बघावी लागली.

दुसरी गोष्ट मुंबईची आहे. १९२८ ला लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया बाळंतपणात रक्तावाचून मरत होत्या. त्यांना काय खायला मिळतं, हे तिनं बघितलं. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, त्यांना दिला तर रक्त भरू लागलं. १९३१ ला तिनं हे छापलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फोलिक ॲसिड. हे नाव १९४१ ला पडलं, ते लॅटिन भाषेतल्या 'पान' या शब्दावरून, कारण ते पालकाच्या पानांतून काढलं होतं. आज जगभर पोटुशीला फोलिक ॲसिड देतात, त्याचा एक धागा परळला सुरू होतो. त्याच परळच्या बीआयटी चाळीत त्या वर्षांत बाबासाहेब राहत होते. अशिक्षित बाईला अक्कल शिकवण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते बघावं, हे त्या इंग्रज बाईला सुचलं.

इथं कुणीतरी म्हणेल, की बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितलं. नीट वाचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस. गावचं मेलेलं ढोर ओढायचं आणि तेच वाट्याला घ्यायचं, ही महारकी होती. कुठल्या रोगानं मेलं ते माहीत नाही, आणि खाल्लं म्हणून पुन्हा हीन ठरायचं. ते सोडलं, उत्तम केलं. माझ्या आज्यानं सोडलं आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. पण मेलेलं फुकट घेणं वेगळं, आणि घामाच्या पैशानं ताजं विकत घेऊन खाणं वेगळं. पहिलं सोडलं ते माणुसकीसाठी. दुसरं कशासाठी सोडायचं? नोकरीवाल्या वस्तीत आपले लोक खिडक्या लावून बोंबील भाजतात. घरमालकाला वास जाऊ नये म्हणून. हा मात्र शुद्ध भेकडपणा आहे, त्याला धम्माचं नाव देऊ नका.

लाजेनं काही गेलं, बाकीचं ओढून नेलं गेलं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाऊन जगलो. माय खडी फोडायला जायची. पुढं रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. पोट भरलं, पण हुलगा गेला, कारळं गेलं. रानात तणनाशक आलं आणि तणाबरोबर पाथरी-कुर्डूही जळाली. मग २०१५ ला बैलाच्या कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला. गाईला आधीपासून होतीच. गरिबाला परवडणारं मांस म्हणजे मोठ्याचं. म्हशीचं-रेड्याचं कायद्यानं चालतं, पण भीती कायद्याचं कलम वाचून येत नाही. आमच्या तालुक्याच्या बाजारातली दुकानं उठली ती उठलीच. बोकडाचं मटण बघायला जायचं, घ्यायला नाही.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. लगेच काहींचा धर्म बुडाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला आणि अंडं द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. आठवड्याला एक अंडं! तेवढंही पोराच्या तोंडात पडू दिलं नाही. आता पुन्हा कुणी म्हणा, तुम्हा लोकांना खायचं कळत नाही.

मग राहिली गोळी. तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण आपल्यातले काही जहाल दोस्त गोळीला नुसत्या शिव्या देतात. गोळी घ्यायची. पोटुशीला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. शाळेतल्या वयात आलेल्या पोरींना आठवड्याला एक निळी. ताटात कलेजी येईपर्यंत अक्कासारखी पोरगी थांबू शकत नाही. पण बाया गोळ्या गादीखाली ठेवतात. का ठेवतात ते एकदा बसून विचारा. शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. ते होतंच, त्यात भ्यायचं काही नाही. मळमळतं, तर रात्री जेवून घ्यायची. बाळ मोठं होऊन अडतं, असं सासू सांगते, ते खोटं. चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. अनवाणी पायांनी हागणदारीच्या रानात राबणाऱ्याच्या पायातून हुकवर्म शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणून जंताची गोळीही हवी. आणि विदर्भातल्या दोस्तांनो, आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासींत सिकलसेल आहे. तिथं फिका दिसला की आपल्या मनानं लोहाच्या गोळ्यांचा मारा करायचा नाही. आधी ती तपासणी करून घ्यायची.

एक गोष्ट मात्र बंद पाडा. खाजगी डॉक्टर लाल-पिवळी सलाईन लावतो, "ताकदीची बाटली." दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. बाईला वाटतं, रंग लाल आहे म्हणजे रक्तच चढलं. त्यात असतं साखरेचं पाणी आणि जीवनसत्त्वाचा रंग. महिनाभर उपकेंद्राची फुकट गोळी घेतली असती तर त्याहून जास्त रक्त भरलं असतं.

आता घरातलं बोलू. हे वाचून काहींना राग येईल, येऊ द्या. दिवसाला पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. हा सरकारी पोषण संस्थेचा २०२० चा हिशेब आहे. बाईला दहा जास्त, कारण महिन्याच्या महिन्याला तिचं जातं. आणि आपल्या घरात मटण शिजलं की खडे कुणाच्या ताटात पडतात? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बसलेला कार्यकर्ता फोडी चघळत बुद्धाच्या समतेवर बोलतोय, आणि आत ती शेवटी पातेलं पुसून रस्स्यात भाकरी बुडवतेय. ब्राह्मणानं आमच्या ताटाचा हिशेब केला म्हणून आपण चिडतो. हिच्या ताटाचा हिशेब आपण कधी केला?

तेव्हा काम सांगतो, भाषण नको. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्यांचा साठा किती आहे, किती महिने संपलेला होता, हे लेखी विचारा. ग्रामसभेत शाळेच्या अंड्याचा ठराव आणा. कोण विरोधात हात वर करतो त्याचं नाव लिहून ठेवा. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या पैशातले थोडे बाजूला काढा, आरोग्य केंद्राचा लॅबवाला बोलवा आणि वस्तीतल्या प्रत्येक बाईचं, प्रत्येक पोरीचं हिमोग्लोबिन मोजून वहीत उतरवा. सहा डिसेंबरला परत मोजा. आकडा वर गेला का खाली, ते बैठकीत वाचून दाखवा. पहिलं नाव आपल्या स्वतःच्या आईचं लिहा, दुसरं बायकोचं.

मी आता रिटायर आहे, पण हात अजून थरथरत नाही. कुठल्याही वस्तीत बोलवा, सुई घेऊन येतो.