गासचा तारा आणि नाचणीचं कुरण

डिसेंबर लागला की मॉलमध्ये काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. तीन मजली उंच प्लास्टिकचं झाड, त्याखाली चकचकीत कागदात गुंडाळलेले रिकामे खोके आणि सेल्फीसाठी रांग. ऑफिसातही एक छोटं झाड अवतरतं, जानेवारीत ते पुन्हा फायलींच्या कपाटावर जाऊन बसतं. आपलं काही म्हणणं नाही, बॉस! पण नाताळची सजावट ही विकतच आणायची गोष्ट असते असं तुमचं मत झालं असेल, तर एका रविवारी विरार लोकल पकडा आणि नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे उतरा.

हो, तेच नालासोपारा. सकाळी ज्या स्टेशनात गाडीत चढणं हा ऑलिम्पिकचा खेळ आहे, तेच. रिक्षा काही वेळ बिल्डिंगांमधून जाते, दुकानांचे बोर्ड विरळ होतात आणि मग एकदम केळी दिसायला लागतात. केळी, नारळ, विहिरी, मोगऱ्याचे वाफे, कौलारू घरांचे ओटे. हे गास. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाघोली, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या गावांचं शेजारी. इथले कुपारी ख्रिस्ती घरात सामवेदी बोली बोलतात. आपल्याशी मात्र छान मराठीत बोलतात, कारण शाळा मराठी, प्रार्थना मराठी आणि नाताळही मराठीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्याच मातीतले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले.

माझ्या टीममधला एक मित्र गासचा. डिसेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी तो कधीच हाती लागत नाही. ‘घरी काम आहे’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. कसलं एवढं काम, हे बघायला गेल्या वर्षी मी गेलो.

ओट्यावर त्याचे आजोबा कोयत्याने बांबू चिरत बसले होते. शेजारी कामट्यांचा ढीग, पतंगाच्या कागदाचे ताव आणि कढईत कणकेची खळ. मी म्हटलं, “आजोबा, हे तर आमच्या आकाशकंदिलाचं सामान!”

“मग? दिवाळीत तुमचा कंदील, नाताळात आमचा तारा. कामटी एकच,” ते म्हणाले. “बस. सुतळी धर.”

तारा करायला सोपा आहे, फक्त गडबड चालत नाही. अडीच फुटांच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच कामट्या एकमेकींच्या वर-खाली विणून पाच टोकांचा एक सपाट तारा, उरलेल्या पाचांचा तसाच दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने करकचून आवळायची. आता खरी गंमत. मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत पाच-सहा इंचांच्या पाच काड्या दोन्ही ताऱ्यांच्या मध्ये उभ्या अडकवायच्या. सपाट चौकट फुगते आणि ताऱ्याला पोट येतं! मग कागद. खळ पातळ लावायची, नाहीतर कागद भिजून फाटतो आणि रात्री तिथं उंदीर-झुरळं जेवायला येतात. खालची एक फट बल्बसाठी मोकळी ठेवायची. पूर्वी आत साधा पिवळा बल्ब असायचा, तो तापून कागद करपायचा. एलईडी आल्यापासून ती काळजी गेली. दोन टोकांना झिरमिळ्या लावल्या की काम फत्ते.

कागद, सुतळी, होल्डर, वायर आणि बल्ब मिळून दोनशेच्या आत भागलं. बांबू फुकट, तो मागच्या वाडीतल्या बेटातला.

इथं एक आगाऊ माहिती, क्विझमध्ये उपयोगी पडेल. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं आहे. हा वसईत जन्मलेला माणूस मनिलाला गेला, तिथं फ्रान्सिस्कन झाला, पुढं जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आणि तिकडे फिलिपिन्समध्ये नाताळात घराघरांवर काय लागतं? बांबू आणि कागदाचा तारा, ‘पारोल’! एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असा माझा दावा नाही. बांबू आणि कागद हाताशी असले की माणसं जे करतात तेच दोन्हीकडे झालं असेल. पण हे आजोबांना सांगितल्यावर ते जाम खूश झाले.

तारा ओट्यावर, गोठा आत. गव्हाणीतल्या बाळाचा देखावा मांडायची ही पद्धत संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापर्यंत जाते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून तो उभा केला. गासच्या घरात मात्र माझी शाळेतली दिवाळी मांडलेली होती. गोणपाट मातीच्या राड्यात बुडवून केलेले डोंगर, आरशाचं तळं, विटांच्या तुकड्यांची पायवाट. आपण किल्ला करायचो तस्साच! शिवाजी महाराजांच्या जागी मेंढपाळ, मावळ्यांच्या जागी मेंढरं. आपण किल्ल्यावर अळीव पेरायचो, इथं काकूंनी पसरट ताटल्यांत नाचणी पेरली होती. दहा-बारा दिवस आधी भिजवून पेरायची, रोज हाताने पाणी शिंपडायचं, की २४ तारखेला मेंढरांना बोटभर उंचीचं हिरवंगार कुरण तयार. गोठ्याचं छप्पर भाताच्या पेंढ्याचं, बांधायला केळीचं सोपट. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचा वाळलेला पापुद्रा, ज्याने फुलवाल्या पुड्या बांधतात तो. गव्हाण रिकामी. बाळ मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच येणार, तोवर ते कपाटात!

एक तक्रार नोंदवून ठेवतो. काही गोठ्यांवर कापसाचा बर्फ घालतात. बाहेर माडाची झावळी डुलतेय, आपण घामाघूम आणि गोठ्यावर बर्फ. काकूंचं यावर म्हणणं असं, “मुलांना आवडतं, घालू दे की.” बरं, घाला.

या सगळ्याची बेरीज मी लोकलमध्ये उभ्याउभ्या करत होतो. बांबू, पेंढा, माती, सोपट, झावळ्या, सगळं शून्य रुपये. ‘घरगुती सजावट स्वस्त पडते’ असं आपण म्हणतो, पण ती स्वस्त कुणामुळे पडते? वाडीमुळे. गासचं नाताळ स्वस्त आहे ते मागच्या दारी दोन बिघे हिरवं आहे म्हणून. आणि ते हिरवं इथं सुखासुखी टिकलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरित वसई’साठी इथल्या लोकांनी मोर्चे काढले, त्यात फादर दिब्रिटो पुढं होते. तरीही ओट्यावरून मान वळवली की नारळांच्या डोक्यावरून नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगा दिसतात.

मित्राच्या घरातली वाटणी गेल्या वर्षीच झाली. धाकट्या काकांचा वाटा विकायचा ठरलाय. बांबूचं बेट त्याच वाट्यात आहे. मला हे कळलं तेव्हा दहावी कामटी माझ्या हातात होती. मला वाटलं, आजोबा रेडिमेड ताऱ्यांवर तोंडसुख घेतील, कारण पलीकडच्या घरावर रंग बदलणारा प्लास्टिकचा तारा लुकलुकत होता. पण नाही. “तारा विकतचा असला तर असू दे, तोही ताराच. त्या पोराला वेळ नाही, पहाटे पाच पन्नासची गाडी धरतो तो,” ते म्हणाले. मग कोयता पुसत हळूच, “बेट गेलं की पुढल्या वर्षी बांबू आणायचा कुठनं?”

मित्राने उत्तर शोधून ठेवलंय. लग्नानंतर तो वसई स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहतो, तिथं ना ओटा ना वाडी. त्याने खराट्याच्या हिरांचा तारा केला. जाड हीर दोन-दोन एकत्र बांधले की कामटीचं काम करतात, आकार फूटभरच ठेवायचा. गोठ्याला बुटांचा खोका आडवा, त्याच्या छपराला जुन्या खराट्याचं उरलेलं सगळं. देवदूत लग्नपत्रिकांचे, कारण सोनेरी कार्डबोर्ड आपल्या घरात कधीच कमी पडत नाही. नाचणी मात्र तीच, दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यांत, ग्रिलच्या आत. एक टीप त्याच्या बायकोकडून: पेरल्यावर पहिले दोन दिवस वर ओलं फडकं झाका आणि कबुतरांवर लक्ष ठेवा.

तुम्ही या डिसेंबरात जाणार असाल, तर साधारण ८ तारखेनंतर ओट्यांवर बांबू चिरताना माणसं दिसायला लागतात. गोठे बघायला मात्र २५ नंतर जा, म्हणजे बाळ गव्हाणीत असेल. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत, बहुतेक गोठे जागेवर असतात. नालासोपारा पश्चिमेहून रिक्षा मिळते, पण गास ते निर्मळ पायी जा आणि संध्याकाळीच जा, तारे तेव्हाच लागतात. गोठा घरात असतो, तेव्हा दारातून विचारल्याशिवाय आत शिरू नका. विचारलंत तर बहुधा नाही म्हणणार नाहीत, उलट हातात फराळाची बशी येईल. आणि एखाद्या ओट्यावर आजोबा बसलेले दिसले, तर बांबू कुठून आणला ते विचारा. मग परतीची गाडी कितीची आहे ते विसरून जा.