मामेकुळाची ओळ

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडे घराघरांतून एक कागद फिरायला लागतो. वर गणपती, खाली मुलाचं किंवा मुलीचं नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, शेती असेल तर त्यातली बागायत किती. पूर्वी हा कागद हाताने लिहिलेला असे, आता मोबाइलवर येतो. तळाच्या दोन ओळी मात्र तशाच आहेत. एक ‘मामेकूळ’, दुसरी ‘नातेसंबंध’. नातेसंबंधांपुढे देवरे, भदाणे, बोरसे, देसले, निकम अशी आडनावांची माळ असते. घरातली जाणती माणसं फोटोवरून नुसती नजर फिरवतात आणि या दोन ओळींशी येऊन थांबतात. मुलाचं आडनाव पाटील आहे, एवढ्यावरून त्यांना काहीच कळलेलं नसतं. मामा कोण ते कळलं, की हे पाटील कोण ते कळतं.

ही मामेकुळाची ओळ स्पेनमध्ये जन्मदाखल्यावरच असते.

तिथे प्रत्येक माणसाला दोन आडनावं. रिवाजाने पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत हीच रीत गेली. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे वडील गार्सिया, आई मार्केस. आपल्याकडे शेवटचा शब्द तेच आडनाव अशी सवय असल्याने त्यांना सगळे ‘मार्केस’ म्हणतात. स्पॅनिश ग्रंथालयात मात्र त्यांची पुस्तकं ‘गार्सिया’खाली लागतात. चित्रकार पिकासोचे वडील रुईस होते. रुईस तिथे गल्लोगल्ली, म्हणून चित्रावर सही करताना त्याने आईचं ‘पिकासो’ ठेवलं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. नातवंडांपर्यंत पोहोचताना मात्र आजीचं आडनाव गळतं, कारण पुढच्या पिढीला आई-वडील दोघांचंही पहिलंच आडनाव मिळतं. कोणतं आधी लावायचं हे ठरवण्याची मुभा १९९९च्या कायद्याने आईबापांना दिली आणि २०१७पासून वडिलांचंच आपोआप आधी येण्याचा नियमही गेला.

ही रीत खानदेशात आणली तर काय होईल? वडील पाटील, आई माहेरची पाटील. मुलगा ‘पाटील पाटील’. हसण्यासारखं वाटतं खरं, पण स्पेनमध्येही ‘गार्सिया गार्सिया’ नावाची माणसं आहेत. गार्सिया हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. म्हणजे तिथला गार्सिया तो आपला पाटील.

फरक एवढाच, की पाटील हे मुळात आडनावच नव्हे.

जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ असा शब्द येतो. त्याचाच झिजून पाटील झाला आणि तापी ओलांडून गुजरातेत गेला तो पटेल. शिरपुरात दोन्ही पाट्या दिसतात. पाटील म्हणजे गावचा मुख्य. वसुली, वतन, मानपान आणि तंटा आला तर पहिला सवाल त्याला. गावाला मुख्य पाटील एक, पण वतन भावांत वाटलं जाई आणि वतनाबरोबर शब्दही वाटला जाई. चार पिढ्यांत अख्खी भाऊबंदकी पाटील. महसुली पाटलाचं पद १९६२च्या कायद्याने संपलं. गंमत अशी, की त्या कायद्याच्या इंग्रजी नावातसुद्धा त्याला ‘पटेल’च म्हटलं आहे. पुढे १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याखाली पोलीस पाटील नेमले जाऊ लागले, ते कोणत्याही आडनावाचे असू शकतात. त्यामुळे आज एखाद्या गावी पोलीस पाटलांचं आडनाव कोळी आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या पंचवीस घरांचं आडनाव पाटील, असा देखावा सहज दिसतो.

म्हणून खानदेशात ‘पाटील’ ऐकलं, की पुढचा प्रश्न येतोच: कोणते पाटील? लेवा, मराठा, गुजर, राजपूत, कोळी, कोणीही असू शकतो. रावेर-यावल पट्ट्यात तर मुसलमान पटेल आणि देशमुखही आहेत, कारण वतनाला धर्म नव्हता. लेवा पाटीदारांत ‘पाटील’खाली आणखी एक आडनाव दडलेलं असतं. नारखेडे, झोपे, भंगाळे, फालक, बेंडाळे, वारके, फिरके, ढाके, भारंबे, खडसे, नेमाडे. एकाच आजोबाची दोन नातवंडं. एकाच्या दाखल्यावर पाटील, दुसऱ्याच्या दाखल्यावर मूळ आडनाव. पहिलीत नाव घालायला शाळेत कोण गेलं आणि गुरुजींना काय सांगितलं, एवढ्यावर ते ठरलेलं असतं. आडनावांची टिपणं करत हिंडणाऱ्या प्रस्तुत लेखकाने ‘मूळ आडनाव कोणतं?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा ओट्यावर बसलेल्या आजीकडून येतं. सातबाऱ्यावर ते सापडेलच असं नाही.

जुन्या महसुली कागदांना आडनावाची गरजच फारशी वाटत नसे. ‘दगडू वलद नथ्थू’ एवढं लिहिलं की माणूस ओळखला जाई. बाई असेल तर ‘जनाबाई कोम दगडू’. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. पेशवाईतल्या कागदांत त्याच जागी ‘बिन’ येतो: राणोजी बिन बाबाजी. स्पॅनिशमधला ‘-एस’ हा प्रत्यय नेमकं हेच करतो. फर्नांदोचा तो फर्नांदेस, रोद्रिगोचा रोद्रिगेस, गोन्सालोचा गोन्सालेस. त्यांच्या भाषेत बापाचं नाव गोठून आडनाव झालं, आपल्याकडे ते मधल्या घरात राहिलं. पोर्तुगीजांकडेही हीच लकब असल्यामुळे गोव्यातले फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज त्याच मांडवातले.

पाटलांसारखी हुद्द्याची आडनावं खानदेशात ढीगभर आहेत. चौधरी म्हणजे पेठेतल्या किंवा जमातीतल्या मंडळींचा म्होरक्या. आज चौधरी लेव्यांत आहेत, तेल्यांत आहेत. महाजन म्हणजे पेठेतला प्रतिष्ठित. आज लेवा महाजन आहेत तसे एरंडोल-धरणगावाकडे माळी महाजन. शिंदखेडा, शिरपूर, शहाद्याकडच्या राजपुतांत गिरासे हे आडनाव येतं. त्याच्या मागे ‘गिरास’ आहे, म्हणजे घास. घराण्यातल्या धाकट्या पातीला पोटापाण्यासाठी जी जमीन तोडून देत, ती गिरास. दोंडाईच्याचे रावल तर पदवीच आडनाव म्हणून मिरवतात.

यातलं एक आडनाव थेट स्पेनपर्यंत जाऊन पोहोचतं. अरबीतला ‘काझी’ खानदेशात आला तो फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या अमलाबरोबर. तोच काझी अरबांबरोबर स्पेनमध्येही गेला होता. तिथे तो ‘अल्काल्दे’ झाला, म्हणजे गावचा कारभारी, नगराध्यक्ष. अल्काल्दे आडनावाची माणसं आजही तिथे आहेत. कामाच्या हिशेबाने तो आपला पाटील, शब्दाच्या हिशेबाने आपला काझी.

राहता राहिलं ‘-कर’. कोकणातला माणूस गावाला ‘कर’ जोडून मोकळा होतो. खानदेशातल्या शेतकऱ्यांत हे आडनाव शोधावं लागतं. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून काय सांगायचं? सांगवीत सगळेच सांगवीचे. ‘कर’ कामाला येतो तो वेशीबाहेर पडल्यावर. म्हणून तो फिरस्त्या व्यापाऱ्यांत सापडतो. लाडशाखीय वाण्यांत नेरकर, अमृतकर, कोतकर आहेत. दूर गेलेल्यांत तर तो हमखास. संविधान सभेत डिसेंबर १९४६मध्ये हिंदुस्थानीतून बोलण्याचा हट्ट धरून गाजलेले सदस्य झाशीचे होते, आणि त्यांचं नाव रघुनाथ विनायक धुळेकर. धुळ्यात राहून धुळेकर होण्याची कुणाला गरज पडत नाही, झाशीत पडते.

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८चा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा. १९६३मध्ये ‘कोसला’ आली तेव्हा नायकाचं नाव होतं पांडुरंग सांगवीकर. लेव्यांत असं आडनाव लावायची रीत नाही. पण हा पोरगा शिकायला पुण्यात गेलेला. पुण्याच्या वसतिगृहात, नाना गावांच्या मुलांत, आपण कुठले हे सांगणारं आडनाव नेमाड्यांनी त्याला दिलं. कादंबरीभर तो जे तुटलेपण घेऊन वावरतो त्याचा अर्धा भाग त्या ‘कर’मध्ये आहे.

सगळी आडनावं माणसांनी स्वतः निवडलेली नसतात. फिलिपिन्समध्ये २१ नोव्हेंबर १८४९ रोजी स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरिया याने हुकूम काढला. लोकांना ठरलेली आडनावं नाहीत, त्यामुळे करवसुलीत घोळ होतो, अशी त्याची तक्रार. आडनावांचा एक अकारविल्हे ग्रंथच छापला गेला आणि त्याची पानं गावोगाव वाटली गेली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावाच्या वाट्याला ‘र’चं पान आलं; तिथली आडनावं अजूनही बहुतेक ‘र’नेच सुरू होतात.

सातपुड्याच्या पायथ्याला असा ग्रंथ कुणी वाटला नाही. शाळेच्या पटानेच ते काम केलं. शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर वर्गात पाहिलं तर पावरा, पावरा, बारेला, पावरा. रावेर-यावलकडे तडवी. धुळे जिल्ह्यात कितीतरी घरांचं आडनाव नुसतं ‘भिल’. ही जमातींची नावं. दाखला लिहिणाऱ्याने जमातीच्या रकान्यातलं आडनावाच्या रकान्यात लिहिलं आणि तेच पुढे चाललं. पावरा समाजात कुळं निराळी आहेत, आणि एका कुळात लग्न होत नाही. म्हणजे लग्न ठरवताना जे नाव सगळ्यात महत्त्वाचं, तेच कागदावर नाही. सोनार, शिंपी, माळी, बारी, साळी, कोळी यांचंही तेच. जात आडनावाच्या घरात येऊन बसली आणि विसपुते, दुसाने यांसारखी खरी आडनावं काही घरांनी फार पुढे राजपत्रात जाहिरात देऊन परत लावली.

धुळ्यात हा विषय निघाला की इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवतात. ते १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले आणि लगेच १९२७मध्ये त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. माणसांची आणि गावांची नावं उकलून त्यांतला इतिहास काढायचा नाद त्यांना होता. त्यांच्या ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोशा’तल्या सगळ्याच व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. पण आडनाव हाही एक दस्तऐवज आहे आणि तो दप्तराइतक्याच काळजीने वाचायचा असतो, हे धुळ्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडूनच उचललं.

बायकांची आडनावं वाचायला गेलं, की दस्तऐवजाचं पान मधूनच फाटलेलं निघतं. बहिणाबाईंचा जन्म १८८०मध्ये आसोद्याच्या महाजनांत झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. २०१८मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला नाव दिलं गेलं ते कवयित्री बहिणाबाई चौधरी असं, आणि ते योग्यच. पण ज्या बोलीत त्यांनी ओव्या रचल्या, ती त्या आसोद्यात शिकल्या होत्या. स्पेनच्या दाखल्यावर त्यांचं ‘महाजन’ जन्मभर राहिलं असतं.

याला खानदेशाने दिलेली उत्तरंही आहेत. बोदवडजवळच्या नाडगावच्या प्रतिभा पाटील १९६२मध्ये जळगावातून आमदार झाल्या. लग्न १९६५मध्ये, अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी. पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, त्या वर्षानुवर्षं निवडून येत राहिल्या त्या पाटील म्हणूनच. २००७मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा नाव होतं प्रतिभा देवीसिंह पाटील: मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव वडिलांचं. त्यांचा मुलगा राजकारणात आला तो शेखावत म्हणून.

शिरपूरचे शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक आणि मंत्री. त्यांची मुलगी अभिनेत्री स्मिता. स्मिता पाटील डिसेंबर १९८६मध्ये गेली तेव्हा तिचा मुलगा पंधरा दिवसांचा होता. वडिलांच्या आडनावाने प्रतीक बब्बर म्हणून तो सिनेमात आला. २०२३मध्ये त्याने ‘प्रतीक पाटील बब्बर’ असं नाव केलं. म्हणजे स्पॅनिश रीतच, क्रम तेवढा उलटा. २०२५मध्ये तो ‘प्रतीक स्मिता पाटील’ झाला. मधल्या घरात आई, आडनावाच्या घरातही आई.

राज्य सरकारने मधल्या घराचा प्रश्न आता सगळ्यांसाठीच काढला आहे. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर असं लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आई आली, तिचं माहेरचं आडनाव अजून आलेलं नाही. या बाळांची लग्नं निघायला अजून वीस-बावीस वर्षं आहेत. कुठल्यातरी तुळशीच्या लग्नानंतर त्यांचेही बायोडाटा फिरतील. वर चार शब्दांचं लांबलचक नाव असेल, शेवटी बहुधा पाटील. आणि ओट्यावरची म्हातारी ते ओलांडून, चष्मा पुसत, तळाच्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, ‘मामा कोनता गावना?’